साखरेचा वशिला: टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस बनली कशी?

नमस्कार मंडळी! आज सुरुवात एका ग्लासापासून. ऑक्सफर्डमध्ये शंभरेक धडधाकट माणसं टायफॉइडचे जिवंत जंतू प्यायली, आणि तेही स्वखुशीने, सगळं समजून-उमजून. आधी बायकार्बोनेट सोड्याचं पाणी प्यायचं म्हणजे पोटातलं ॲसिड शांत होतं, मग तशाच पाण्यात कालवलेले जंतू. आणि मग घरी जाऊन ताप येतोय का याची वाट बघायची. (आजारी पडलं की लगेच अँटिबायोटिक, एवढा दिलासा.) यातल्या काहींना आधी जुनी लस दिलेली, काहींना नवी कॉन्ज्युगेट (म्हणजे जोडलेली, काय कशाला ते पुढे सांगतो) लस आणि उरलेल्यांना टायफॉइडशी संबंध नसलेली भलतीच लस.

२०१७ साली रिझल्ट आला. नव्या लशीचं संरक्षण साधारण ५५ टक्के आणि जुन्या लशीचं ५२. म्हणजे जवळपास सारखंच की! आता खरं सांगायचं तर ५५ हा आकडा फार कडक व्याख्येचा होता, रक्तात जंतू नुसते सापडले तरी त्यात केस धरली जायची. आधी ताप, मग तपासणीत जंतू, असा नेहमीच्या पेशंटसारखा हिशोब लावला तर नवी लस ८७ टक्क्यांपर्यंत जाते. पण तरी प्रश्न उरतोच, की जुनी लस अगदीच टाकाऊ नव्हती तर एवढा खटाटोप कशाला?

कारण ग्लास पिणारे सगळे मोठे होते ना. खरी गोची आहे दोन वर्षांच्या आतल्या बाळांची.

बघा, टायफॉइडच्या जंतूच्या अंगावर साखरेचा एक कोट असतो, त्याला म्हणतात व्हीआय. १९३४ साली हे नाव पडलं, व्हिरुलन्स म्हणजे घातकपणा, त्यावरून. या कोटामुळे जंतू आपल्या इम्युन सिस्टीमपासून बराचसा लपून राहतो. जुनी लस म्हणजे हाच कोट काढून, शुद्ध करून टोचायचा. १९८७ ला नेपाळ आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रायल्समध्ये तो चालला पण. मोठ्या मुलांत आणि माणसांत अँटिबॉडी बनतात, दोनतीन वर्षं टिकतात, मग ओसरतात, आणि बाळांमध्ये तर काही खास होतच नाही.

का? तर अँटिबॉडी बनवतात बी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी, पण त्यांना नीट तयार करणारे, आठवण ठेवायला लावणारे साहेब म्हणजे टी सेल, याही पांढऱ्या पेशीच. आणि या साहेबांना साखर दिसतच नाही हो! त्यांना फक्त प्रोटीनचे तुकडे ओळखता येतात. मोठ्यांचे बी सेल टी सेलशिवायही थोडंफार काम उरकतात, बाळाचे नाही उरकत.

मग काय, साखरेला वशिला लावायचा. साखर एका प्रोटीनला पक्की बांधून टाकायची. बी सेल साखर बघून ती पकडतो, गिळतो, आणि तिच्यासोबत प्रोटीनही पोटात जातं. आत त्याचे तुकडे होतात, बी सेल ते बाहेर मांडून ठेवतो, टी सेल येतो, म्हणतो अरे हे तर आपलं गिऱ्हाईक, आणि बी सेलला पुढची ऑर्डर देतो. ओळख पटली प्रोटीनची, अँटिबॉडी बनल्या साखरेविरुद्ध! मला यातली चलाखी लय आवडते.

साखरेला प्रोटीन जोडायची ही आयडिया एव्हरी आणि गोबेल या शास्त्रज्ञांची, १९२९ ची. मुलांच्या मेनिंजायटिसवरची (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) हिब लस याच तत्त्वावर १९८७ ला बाजारात आली, आणि त्यामागचे जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीअरसन हेच अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत टायफॉइडच्याही मागे लागलेले.

पण व्हीआय जरा हट्टी आहे. इतर साखरांना जोडणीसाठी मोकळे हायड्रॉक्सिल ग्रुप (अणूंचे छोटे गट, जणू हुकच) असतात, इथे ते जवळपास नाहीतच, म्हणून कार्बोक्झिल या दुसऱ्या ग्रुपला धरून, मध्ये एक छोटा लिंकर म्हणजे जोडदुवा घालून प्रोटीन बांधावं लागतं. त्यात साखरेवरचे ॲसिटाइल ग्रुप सांभाळायचे, ते निघून गेले की लस जवळपास निकामी. शिवाय न जोडलेली मोकळी साखर शेवटी गाळून काढायची, मोजायची. कागदावर एक बाण काढला की झालं, फॅक्टरीत मात्र घाम निघतो.

२००१ मध्ये एनआयएचच्या या जोडलेल्या लशीचा व्हिएतनाममधला रिझल्ट छापून आला: दोन ते पाच वर्षांची ११ हजारांवर मुलं, दोन डोस, २७ महिन्यांत ९१.५ टक्के संरक्षण. एवढं भारी! आणि मग? मग वर्षानुवर्षं फारसं काही नाही. माझं मत विचाराल तर कारण उघड आहे, हा आजार ज्यांना होतो त्यांच्या खिशात पैसे नसतात.

२०१३ ला भारतात हैदराबादच्या भारत बायोटेकची टायपबार-टीसीव्ही (टायफॉइड कॉन्ज्युगेट व्हॅक्सिन) मंजूर झाली, यात वशिल्याचं प्रोटीन म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड, धनुर्वाताच्या लशीतलंच. एकच डोस आणि सहा महिन्यांच्या बाळालाही चालते. २०१७ च्या शेवटी गावी (Gavi) या गरीब देशांना लशी मिळवून देणाऱ्या जागतिक संस्थेने या लशीसाठी साडेआठ कोटी डॉलर बाजूला काढले. मग नेपाळमध्ये २० हजार मुलांवर जवळपास ८२ टक्के संरक्षण, मलावीत ८४ च्या आसपास, आणि तिथे चार वर्षांनीसुद्धा ७८.

पाकिस्तानला तर थांबायला वेळच नव्हता. २०१६ पासून सिंधमध्ये असा टायफॉइड पसरला की सेफ्ट्रिअॅक्सोन हे इंजेक्शनाने द्यायचं अँटिबायोटिकही चालेना, तोंडाने घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, ॲझिथ्रोमायसिन. नोव्हेंबर २०१९ मध्ये नेहमीच्या लसीकरणात ही लस आणणारा तो जगातला पहिला देश.

आता एक कमेंट येणारच: लस घेतली तरी पॅराटायफॉइड (टायफॉइडसारखाच, पण वेगळ्या जंतूचा ताप) होतो का? होऊ शकतो. पॅराटायफी ए या जंतूला व्हीआयचा कोटच नसतो, मग व्हीआयविरुद्धच्या अँटिबॉडी पकडणार काय? म्हणून त्याची वेगळी साखर, ओ अँटिजेन, प्रोटीनला बांधून ती आणि व्हीआयची लस, दोन्ही एकाच इंजेक्शनात द्यायचं काम चालू आहे. त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.