शॉवरच्या नळाचे पैसे

नमस्कार मंडळी, आज तुम्हाला कॅनडातल्या एका बाईंबद्दल सांगायचंय, सिंडी ब्लॅकस्टॉक. ब्रिटिश कोलंबियातला गिटक्सान आदिवासी समाज, त्या समाजातल्या. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सोशल वर्क शिकवतात, पण त्याआधी कित्येक वर्षं बालसंरक्षणाच्या कामात फिल्डवर होत्या, आणि मला वाटतं त्यांच्या शिकवण्यातलं बळ तिथूनच आलंय.

आपल्याकडे एमएसडब्ल्यू, बीएड केलेल्यांना मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड पाठ असतो बघा, खाली अन्नपाणी आणि पार टोकाला स्वतःचा विकास. हा मॅस्लो १९३८ साली ब्लॅकफूट आदिवासींमध्ये जाऊन राहिला होता. ब्लॅकस्टॉकबाई दाखवून देतात की ब्लॅकफूट विचारात माणसाचं स्वत्व पायाशीच असतं, त्यावर समाज, आणि सगळ्यात वर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी संस्कृती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलेच, कारण आम्हाला वर्गात टोकावरचा एकटा माणूसच शिकवला होता, त्याची आजी, त्याची नातवंडं कुठे होती त्या चित्रात?

आता जॉर्डनची गोष्ट ऐका. जॉर्डन रिव्हर अँडरसन, मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाऊस नावाच्या वस्तीचा क्री आदिवासी मुलगा, जन्मापासून आजारी, सगळं हॉस्पिटलमध्येच. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले घरी न्या, पण घरच्या देखभालीचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने यावर सरकारं भांडत बसली, अगदी शॉवरच्या नळाचे पैसे कोण देणार इथपर्यंत! आदिवासी नसलेलं मूल असतं तर प्रांताने खर्च केला असता, हा आदिवासी म्हणून अडला. २००५ मध्ये पाच वर्षांचा होऊन पोर हॉस्पिटलमध्येच गेलं, आपल्या घरात एक दिवसही राहिलं नाही.

२००७ मध्ये ब्लॅकस्टॉकबाईंच्या संस्थेने आणि आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेने मिळून सरकारविरुद्ध मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली की आमच्या मुलांच्या सेवांना तुम्ही कमी पैसे देता, हा भेदभाव आहे. मधे ती तक्रार फेटाळली गेली, वरच्या कोर्टाने परत उभी केली, सरकारी खाती बाईंच्या फेसबुकवरही नजर ठेवून होती, पण त्या हटल्या नाहीत. सुनावणीला स्पिरिट बेअर नावाचं टेडी अस्वल यायचं, खुर्चीत बसायचं, ज्या मुलांसाठी केस चाललीये त्यांची आठवण म्हणून. आणि शाळेतली पोरं यायची, गप्प बसून ऐकायची. माझ्या मते बाईंचा सगळ्यात मोठा वर्ग तोच, तिथे शिकलेलं पोरगं फी-फॉर्मवाल्या कॉलेजात जायच्या आधीच सोशल वर्कर झालेलं असतं.

२६ जानेवारी २०१६ ला मानवाधिकार ट्रायब्युनलचा, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंडळाचा, निकाल लागला, होय, भेदभाव झालाय. २०१९ मध्ये ट्रायब्युनलने पीडित मुलांना प्रत्येकी ४०,००० डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. पुढेही कोर्टकचेरी सुटली नाहीच, आणि बाई अजून शिकवतायत, अजून लढतायत. दर १४ फेब्रुवारीला तिकडची शाळेतली मुलं सरकारला पत्रं लिहितात, आदिवासी मुलांना आमच्यासारखीच चांगली शाळा द्या, घरी सुरक्षित वाढू द्या, असं आपल्या मोडक्यातोडक्या अक्षरात.