टक्केवारी सांगणारा अहवाल

अळंबी पिकवणे हा गुन्हा नाही. कोल्हापूर जिल्ह्यात भाताच्या पेंढ्यावर ढिंगरी अळंबी घेतली जाते, त्यामुळे एखाद्या बंद खोलीत पोलिसांना सापडलेले पीक नशेच्या अळंबीचेच आहे, हे नुसते पाहून ठरवता येत नाही.

येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत असा मुद्देमाल सीलबंद पाकिटात पोहोचावा लागतो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २०२२च्या नियमांनुसार त्याचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष, किमान ५ ग्रॅमचे आणि दोन प्रतींत काढायचे असतात. ओली अळंबी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली, तर ती कुजते आणि पुरावाही कुजतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ती वाळवून कागदी पाकिटातच पाठवायला हवी.

देठावर जिथे बोट दाबले गेले असेल, तिथे निळसर डाग दिसतो. नशेच्या अळंबीतल्या सायलोसिन या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो उमटतो. पण निळी पडणारी प्रत्येक अळंबी नशेची नसते. एर्लिच अभिकर्मक या रंगचाचणीच्या रसायनाच्या थेंबाने येणारा जांभळा रंगही केवळ इशारा देतो, कारण इंडोल वर्गातली इतर संयुगेही तसाच रंग देऊ शकतात. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी या घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीच्या उष्णतेत सायलोसायबिन या अळंबीतल्या मुख्य नशेच्या द्रव्याचा फॉस्फेट गट सुटतो आणि आलेखावर सायलोसिनच उरते. म्हणून अळंबीत मुळात काय होते, हे सांगण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारे यंत्र, अधिक भरवशाचा ठरतो.

मात्र पदार्थ आहे की नाही, एवढ्यावर अहवाल थांबणे आम्हांला अन्यायकारक वाटते. एनडीपीएस कायद्यानुसार सायलोसायबिनची २ ग्रॅमपेक्षा कमी मात्रा अल्प, तर ५० ग्रॅमपेक्षा जास्त मात्रा व्यापारी ठरते. सायलोसायबी क्युबेन्सिस या जातीच्या वाळलेल्या वजनात हे द्रव्य साधारण १ टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे १०० ग्रॅम वाळलेली अळंबी सगळीच धरली, तर किमान १० वर्षे सक्तमजुरी. त्यातले द्रव्य तेवढे धरले, तर जास्तीत जास्त १ वर्ष. हिरा सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचे संपूर्ण वजन धरावे, असा निकाल दिला; तर २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर, अळंबी हे मिश्रण मानता येणार नाही, असे म्हटले. हा युक्तिवाद कोल्हापूरच्या न्यायालयात करायचा, तरी आधी अहवालात टक्केवारी असावी लागते. ती नसेल, तर आरोपीच्या वकिलाच्या हाती तराजूचा आकडा तेवढा राहतो, आणि अळंबी ओलीच तोलली असेल, तर त्या आकड्यात सुमारे ९० टक्के पाणीच असते.