पावती उंबऱ्याची

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला विषय दिला ‘वैयक्तिक श्रद्धा आणि संघटित धर्म’. असल्या विषयावर वक्ता आधी धर्माची व्याख्या करतो आणि तोवर मागच्या रांगेतली माणसं चहा आला का बघायला उठतात. म्हणून व्याख्या राहू दे. माझ्या खिशात एक पावती आहे, तिच्यापासून सुरू करतो.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा लक्ष्मीयात्रा आहे. इथल्या निम्म्या लोकांना वेगळं सांगायला नको. ग्रामदेवी लक्ष्मी दरवर्षी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आसनावर, बसत नाही; कुठे बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी. यात्रा ठरली की आधी वार पाळायचे, त्या दिवशी शेतात अवजार न्यायचं नाही. मग घरांना रंग, रस्त्यावर कमानी, गोव्याला-पुण्याला गेलेली पोरं रजा टाकून हजर, आणि घराघरात पाव्हण्यांच्या पंगती. मटणाची उधारी पुढं वर्षभर फिटत असते, ते सोडा. या सगळ्याच्या आधी येते पट्टी. उंबऱ्यामागे इतके रुपये. आकडा सांगत नाही, नाहीतर शेजारच्या गावाशी तुलना सुरू होईल. त्या पट्टीची ही पावती.

आता मी सातवीत असताना भरलेल्या यात्रेत चला. आमची आत्या तेव्हा तिशीची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आमच्या शेतात राबली. भांगलणीचे पैसे साठवून तिनं खानापूरच्या बाजारातून हिरवा खण आणला. ओटी भरायला बायकांची रांग लागली, तीही उभी राहिली. थोड्या वेळानं कुणीतरी हळूच, अगदी मायेनं म्हटलं, ‘तू जरा मागं थांब गं, सवाष्णींचं होऊ दे.’ ती मागं सरकली. मग आणखी मागं. दिवे लागले तरी सवाष्णी संपल्या नाहीत. घरी आली तेव्हा हातातल्या खणाला घामाचा डाग पडला होता, नारळ तसाच.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन मी शेतात गेलो, तर बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढं तो खण उलगडलेला आणि आत्या तांदळानं ओटी भरतेय. मी विचारलं, ‘आत्या, हितं कुठली लक्ष्मी?’ ती म्हणाली, ‘तीच. तिकडं गर्दी झाली म्हणून हिकडं आलीया.’

एवढ्यावर भाषण संपवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. आत्याची श्रद्धा खरी, गावाचा धर्म खोटा! मीही तरुणपणी बरीच वर्षं असंच बोलत होतो. पण एक गोष्ट अडते. आत्याला अक्षरओळख नाही, तरी हरिपाठ तोंडपाठ. तो बांधावरच्या दगडानं शिकवला नाही. एकादशीच्या भजनात ऐकून आला, दिंडीत चालताना पक्का झाला. आणि दिंडी म्हणजे काय? वीणा कुणाच्या गळ्यात, पताका कुणाच्या खांद्यावर, मुक्काम कुठे, शिधा कुणाकडे, सगळं ठरलेलं. सातशे वर्षांपूर्वीचे शब्द आमच्या तालुक्यातल्या एका निरक्षर बाईच्या ओठावर आले ते या व्यवस्थेच्या पाठीवर बसून. एकट्याची श्रद्धा त्याच्याबरोबर सरणावर जाते. ती पुढच्या पिढीला द्यायची तर कुणीतरी वही ठेवावी लागते, सतरंजी टाकावी लागते, वर्गणीही मागावी लागते.

याच वाटेनं पंढरपुरात पोचा. चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, बाहेर. वारकऱ्यांनी त्यांचे अभंग सहाशे वर्षं गायले, जपले. आणि तेवढीच वर्षं त्यांच्या जातीच्या माणसाला दाराच्या आत पाऊल टाकता आलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणजे अभंग ओठांवर आणि कडी दाराला. हे दोन्ही एकाच परंपरेत सुखानं नांदत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. बाराव्या शतकात बसवण्णांनी देऊळच माणसाच्या अंगावर आणलं. इष्टलिंग गळ्यात, पूजेला डाव्या तळहातावर. मधे पुजारी नाही, पायरी नाही, रांग नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा: पैसेवाले शिवालय बांधतील, मी गरीब काय करू? माझे पायच खांब, देह हेच देऊळ, डोकं सोन्याचा कळस. कन्नड येणाऱ्यांनी ते मुळातून ऐकावं. सीमाभागात राहून एवढा तरी फायदा घ्यायला हवा. यापेक्षा वैयक्तिक श्रद्धा आणखी कशी असणार? तरी पुढं मठ झाले, पीठं झाली. त्या मठांनी दासोह, म्हणजे अन्नदान, चालवला, गरिबांच्या पोरांना वसतिगृहं दिली. आमच्या पिढीतली कितीतरी पोरं त्या पंगतीत जेवून शिकली, हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. आणि 2018 साली कर्नाटक सरकारनं बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांना स्वतंत्र धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केंद्राकडे केली, तेव्हा वाद पेटला तो कशावर? कुठल्या रकान्यात लिहायचं यावर. कोणती बाजू बरोबर ते सांगत नाही. मला रात्री घरी जायचं आहे.

जमखंडीत 1873 साली जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांचंही बघा. घर वारकरी वळणाचं. ते प्रार्थना समाजात आले, ऑक्सफर्डला जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतले. आणि आल्यावर? 1906 मध्ये अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. शाळा, वसतिगृहं, देणगीदार, अहवाल. जुन्या चौकटीतून बाहेर पडलेल्या माणसालाही काम उभं करायचं तर नवी चौकट ठोकावी लागली. मला यात विसंगती दिसत नाही. दमछाक दिसते.

घटनाकारांनी ही गाठ ओळखली होती असं मला वाटतं. पंचविसावं कलम व्यक्तीला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. सव्विसावं लगेच संप्रदायाला आपला धार्मिक कारभार बघायचा हक्क देतं. दोन कलमं शेजारी-शेजारी, आणि भांडण लागलं की कोर्टात. उडुपीच्या शिरूर मठाच्या 1954 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून ठरवावं. ठीक. पण शिकवण काय हे सांगायला कोर्टापुढं उभं कोण राहणार? मठ, कमिटी, पंडित. बांधावरच्या दगडाला वकील नसतो.

तर ही पावती. आत्या आता अठ्ठ्याहत्तरची. पेन्शनचे पैसे रुमालात बांधून माझ्याकडे दिले, ‘माझी पट्टी वेगळी भर’ म्हणाली. मी कमिटीकडे गेलो. हिशेब बघणारा माझाच विद्यार्थी, सज्जन पोरगा. म्हणाला, ‘सर, पट्टी उंबऱ्याला असते. एका घरच्या दोन पावत्या केल्या तर हिशेब जुळत नाही.’ त्याचंही खरंच होतं, पट्टीची वही मीच त्याला नीट लिहायला शिकवली होती. मी घराची एक पावती घेऊन आलो. आत्यानं विचारलं, ‘माझे घेतले का रे?’ मी हो म्हटलं.

रुमाल अजून माझ्या कपाटात आहे. यंदा ती रांगेत उभी राहणार की बांधावर जाणार, ते तिनं सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. खण मात्र आणायला सांगितलाय. हिरवाच.