दुःखकाळाचा सतरावा दिवस

१७ मार्च १८६५. जपानमधील नागासाकी शहरात, ओउरा येथील टेकडीवर महिन्याभरापूर्वीच अभिषेक झालेल्या चर्चच्या बंद दारापुढे पंधराएक माणसे घुटमळत उभी आहेत. हे चर्च परदेशी रहिवाशांसाठी बांधलेले आहे. जपानी माणसाने ख्रिस्ती असणे हा या देशात अजूनही गुन्हा आहे. फ्रेंच धर्मगुरू फादर बेर्नार पेतीज्याँ दार उघडतात, वेदीपुढे जाऊन गुडघे टेकतात आणि प्रार्थना करू लागतात. थोड्याच वेळात तीन स्त्रिया त्यांच्याजवळ येतात. त्यांतली एक छातीवर हात ठेवून, जणू भिंतींनाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणते, "आम्हा सर्वांचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे." मग ती येशूच्या आईविषयी विचारते, "सान्ता मारियाची मूर्ती कोठे आहे?"

ही माणसे जवळच्या उराकामी गावातली आहेत. बोलता बोलता ती फादरांना सांगतात की सध्या दुःखकाळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे. दुःखकाळ म्हणजे ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ. त्याचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, त्या वर्षी १ मार्चला होता. तेथून मोजत गेले, तर १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. ज्यांच्या गावात दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नव्हता, मिस्सा म्हणजे धर्मगुरूने चालवायची उपासना नव्हती, ज्यांनी चर्चची इमारत कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्या शेतकऱ्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता.

हा हिशेब कसा टिकला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. १५४९ साली धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर जपानमधील कागोशिमाला उतरले आणि पुढील साठ-पासष्ट वर्षांत जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांपर्यंत गेली, असे मानले जाते. पण सत्ताधाऱ्यांच्या मनात संशय वाढत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. भर हिवाळ्यात क्योतोकडून चालवत आणलेल्या या माणसांमध्ये बारा वर्षांचा एक मुलगाही होता. १६१४ साली संपूर्ण देशात बंदी आली. चर्च पाडली गेली, धर्मगुरूंना हाकलले गेले, जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. माहिती देणाऱ्याला चांदीच्या नाण्यांचे इनाम जाहीर झाले, आणि पाच-पाच घरांचे गट पाडून प्रत्येक घरावर शेजारच्या घरांची जबाबदारी टाकण्यात आली.

मग आली ती परीक्षा, जिला फुमिए म्हणतात. येशू ख्रिस्ताची किंवा पवित्र मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवली जाई आणि घरातल्या प्रत्येकाला तिच्यावर पाय ठेवावा लागे. नागासाकीत हा विधी दरवर्षी नवीन वर्षाच्या सुरुवातीला होत असे. सुरुवातीच्या कागदी प्रतिमा फाटत, म्हणून पुढे पितळेच्या घडवण्यात आल्या. आजही त्यांतल्या काही संग्रहालयात पाहायला मिळतात. क्रुसावरच्या ख्रिस्ताचे नाक, डोळे, ओठ पुसले गेले आहेत आणि उरला आहे फक्त एक गुळगुळीत उंचवटा. ही झीज पावलांची आहे, आणि त्या पावलांमध्ये उराकामीच्या लोकांचीही पावले आहेत, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कारण ज्यांनी श्रद्धा टिकवली, त्यांतल्या बहुतेकांनी प्रतिमेवर पाय ठेवला होता. ते घरी परत येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नसताना पापनिवेदन, म्हणजे आपल्या पापांची कबुली, कोणापुढे करायचे, या प्रश्नाचे उत्तर देणारी एक लहानशी पुस्तिका १६०३ साली, म्हणजे संपूर्ण बंदीच्या आधीच, तयार झाली होती. माणसाने परमेश्वरावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप केला, तर त्याला क्षमा आहे, असे तिचे सांगणे होते. पुस्तिका जवळ बाळगणे धोक्याचे झाले, तेव्हा ती पाठ झाली आणि आईकडून मुलीकडे, बापाकडून मुलाकडे गेली. आपण पूर्ण अंतःकरणाच्या भक्तीविषयी बोलतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे कधीही न डगमगणारा माणूस येतो. उराकामीची गोष्ट मला अधिक खरी वाटते, कारण तेथे दरवर्षी पडणे होते आणि दरवर्षी, त्याच रात्री, गुडघ्यांवर परत येणे होते.

गावाने आपली कामे वाटून घेतली होती. एक जण पंचांग सांभाळी आणि सण, उपवास, दुःखकाळ केव्हा सुरू होतो ते ठरवी. दुसरा जन्मलेल्या बाळांना पाण्याने बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. प्रार्थना पुटपुटल्या जात. त्यांतले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यांमागून पिढ्या घासले गेले, अर्थ अंधूक झाले, पण म्हणणे थांबले नाही. घरात कान्नॉन या बौद्ध देवतेची मूर्ती असे आणि तिच्यापुढे बसणाऱ्यांच्या मनात मारिया असे. बास्तियन नावाच्या एका धर्मशिक्षकाचे वचन त्यांनी जपले होते: सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील. ओउराच्या दारापुढे उभे राहिलेले लोक त्या वचनाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचले होते.

आणि तरीही खरा छळ त्यांच्या वाट्याला त्यानंतर आला. आता आपले अंत्यविधी बौद्ध मंदिरामार्फत होणार नाहीत, असे उराकामीच्या लोकांनी उघडपणे सांगितले आणि जुलै १८६७ मध्ये अडुसष्ट जणांना अटक झाली. तुरुंगातील छळापुढे जवळजवळ सर्वांनी श्रद्धा सोडल्याचे कबूल केले; ताकागी सेन्एमोन हा शेतकरी मात्र ठाम राहिला. बाकीचे सुटून गावी आले, पण त्यांना घरी चैन पडेना. काही दिवसांतच त्यांतले अनेक जण गावच्या मुखियाकडे गेले आणि आपण दिलेला नकार मागे घेत आहोत, असे सांगून पुन्हा शिक्षेला सामोरे जायला तयार झाले. पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा पुढे काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्यांदा जाताना प्रत्येकाच्या अंगावर त्याचे वळ होते.

१८६८ पासून संपूर्ण गावच हद्दपार झाले. सुमारे तीन हजार चारशे माणसे, तान्ह्या मुलांसह, देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवली गेली. त्सुवानो येथे कैद्यांना गोठलेल्या तळ्यात ढकलले गेले आणि माणसाला उभे राहता किंवा आडवे होता येणार नाही अशा तीन फुटी पिंजऱ्यात कोंडले गेले. उपासमारीने, थंडीने आणि आजाराने सहाशेहून अधिक जण परत आले नाहीत. परदेशांतून निषेध होऊ लागला आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक रस्त्यांवरून उतरवण्यात आले. जिवंत राहिलेले लोक उद्ध्वस्त घरांकडे परतले. त्या वर्षांना उराकामीचे लोक छळ किंवा हद्दपारी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे "ताबी", म्हणजे प्रवास.

परतल्यानंतर त्यांनी गावच्या मुखियाचा जुना वाडा विकत घेतला. याच वाड्यात दरवर्षी प्रतिमा जमिनीवर ठेवली जात असे. तेथे आधी प्रार्थनामंदिर झाले आणि १८९५ पासून विटांचे मोठे कॅथेड्रल उभे राहू लागले. ते पूर्ण व्हायला १९१४ साल उजाडले. ज्या जागी पूर्वजांनी पाय ठेवला होता, त्याच जागी त्यांच्या नातवंडांनी गुडघे टेकले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. स्फोटाच्या केंद्रापासून कॅथेड्रल सुमारे पाचशे मीटर अंतरावर होते. आत पापनिवेदन चालू होते. आत असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार मरण पावले. डॉक्टर ताकाशी नागाई, ज्यांना त्याच उन्हाळ्यात रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले होते, जखमींची सेवा करून दोन दिवसांनी आपल्या घराच्या राखेपाशी पोहोचले. स्वयंपाकघराच्या जागी त्यांना पत्नी मिदोरी यांची मूठभर हाडे सापडली आणि त्यांच्याजवळ वितळलेली जपमाळ. मिदोरी या उराकामीत पिढ्यान्‌पिढ्या पंचांग सांभाळणाऱ्या घराण्यातल्या होत्या.

कॅथेड्रलच्या दोन घंटांपैकी एक फुटली होती. दुसरी ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती. वाचलेल्या माणसांनी ती उकरून बाहेर काढली, ओंडक्यांच्या तिकाटण्याला टांगली आणि २४ डिसेंबरला, नाताळच्या पूर्वसंध्येला, त्या जळालेल्या माळावर ती वाजवली.