२५ मिलिमीटरचा बॉयलर

नमस्कार मंडळी. टेबलावरचं हे आगगाडीच्या इंजिनाचं छोटं मॉडेल तुम्ही मघापासून न्याहाळताय, तेव्हा पैशाचं आधी बोलून टाकू. मोटार, गिअर, चाकं हा जो खालचा सांगाडा आहे, त्यालाच काय ते पैसे पडले. वरचं सगळं घरातलं नाहीतर भंगारातलं. किटबॅशिंगमध्ये, म्हणजे तयार मॉडेल मोडून त्यातून वेगळंच मॉडेल करण्यात, मी एकच नियम पाळतो : चालणारं विकत घ्यायचं, दिसणारं घरी करायचं. विकत घेतानासुद्धा जुनंच घ्या, पण दुकानातच रुळावर पळवून बघा. अडखळणारी मोटार फुकट मिळाली तरी महागच.

मिरजकरांना नॅरोगेज काय ते सांगायला नको. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वे मिरजेपर्यंत आली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कवठेमहांकाळ, ढालगावकडची जुनी मंडळी त्या गाडीबद्दल अजून तासभर बोलतील. तसलं इंजीन तयार विकत घ्यायचं म्हटलं तर खिशाला परवडत नाही. मग काय करायचं?

इथे थोडं गणित आहे. स्वस्तात मिळतं ते एचओ या मॉडेलच्या मापाचं, सहा चाकांचं शंटिंग इंजीन. माप एकास ८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता हाच रूळ एकास ४८ या मापाचा धरा. १६.५ गुणिले ४८, झाले ७९२. आपल्याला हवेत ७६२. तीन सेंटिमीटर इकडेतिकडे, कुणाच्या बापाला कळत नाही! १५ मिलिमीटरचं चाक आता जेमतेम अडीच फुटी ठरतं, नॅरोगेजला शोभेल असं. चाकाला हात न लावता गेज बदललं.

बदलायची ती ड्रायव्हरची केबिन. सहा फुटी दार एचओमध्ये २१ मिलिमीटरचं असतं, आपल्याला ३८ चं लागतं. बघणाऱ्याची नजर आधी दारावर जाते, त्यात माणूस उभा करते आणि त्यावरून सगळं इंजीन मोजते. म्हणून वेळ घालवायचा असेल तर केबिनवर घालवा.

केबिनला मुदत संपलेली एटीएम कार्डं वापरा. जाडी पाऊण मिलिमीटर, कडा सरळ. उठावाचे आकडे आतल्या बाजूला जाऊ द्या. खिडकी आधी कापा, बाजू नंतर सुटी करा. उलटं केलंत तर खांब मोडतो. एका दमात कापायला जाऊ नका. स्टीलची पट्टी दाबून धरा, कटरनं हलके चार-पाच ओरखडे मारा आणि मग वाकवून मोडा. रिव्हेट हवेत? जाड कागदावर ग्राफ पेपर ठेवून दर २ मिलिमीटरला कर्कटकाचं बोथट टोक दाबा. मागून उमटलेली टिंबं बाहेरच्या बाजूला आणून तो कागद कार्डावर चिकटवा.

बॉयलर म्हणजे इलेक्ट्रिशियनचा २५ मिलिमीटरचा पाइप. ४८ नं गुणलं की चार फुटांच्या जवळपास जातो, नॅरोगेजला अगदी बरोबर. हँडरेल, म्हणजे बाजूची धरायची दांडी, मात्र आपल्या गावची. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांकडे पितळी तारेचे तुकडे उरतात. अशी तार दुसऱ्या गावात कुठे मागणार?

बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली होती. त्यांना आठ चालक चाकं होती, कारण ही रेल्वे उभारणारे इंग्रज इंजिनीअर कॅलथ्रॉप साहेब, त्यांचा हट्ट होता की कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नको. भार वाटला म्हणून हलक्या रुळांवर भागलं. आपल्या सांगाड्याला सहाच चाकं, त्यामुळे हे बार्शीचं इंजीन नव्हे. त्याच्या गोतातलं म्हणा हवं तर. तरीही बार्शीची नंबरप्लेट ठोकणारे आहेत, मला ते पटत नाही.

साहेबांना वजनाची धास्ती होती, आपल्याला वजन कमी पडतं. पोकळ पाइप आणि कार्डं, चाकं जागच्या जागी फिरतात. व्हील बॅलन्सिंगवाल्याकडची टाकाऊ शिशाची वजनं बॉयलरमध्ये भरा. तोल मधल्या आसावर आला पाहिजे. इंजीन आसाखाली पेन्सिल घालून तोलून बघा, पुढे-मागे कललं तर शिसं सरकवा. एक रूळ धन, दुसरा ऋण, मध्ये १२ व्होल्ट. शॉर्ट होऊ नये म्हणून शिशाला चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय ते मोटारीजवळ नेऊ नका. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, आणि हे काम मुलांकडे देऊ नका.

रंगाबद्दल एवढंच : निव्वळ काळा मारू नका, थोडा राखाडी मिसळा, नाहीतर रिव्हेट दिसेनासे होतात.

आता इंजीन पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. खालून धरा, हँडरेलला धरून उचलू नका.