जबड्याची खालची कड

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरात साठीच्या आसपासची कुणी बाई असेल, तर तिच्या दवाखान्याच्या पिशवीत एखादी लांबट काळी फिल्म बहुधा सापडेल. कधीतरी दाढ काढायची होती, कवळी बसवायची होती, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी सांगितलेला हा अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. आम्ही त्याला ओपीजी म्हणतो. हनुवटी टेकवून उभं राहायचं, पुढच्या दातांत एक छोटी दांडी धरायची, आणि यंत्र डोक्याभोवती फिरून काही सेकंदांत फोटो काढतं. दातांचं काम झालं की फिल्म पिशवीत जाते आणि पुन्हा कुणी ती उजेडात धरत नाही. मी दंतवैद्य आहे, आणि आज मी तुम्हाला ती फिल्म पुन्हा बाहेर काढायला सांगणार आहे. तिच्या खालच्या कडेवर बाईच्या सगळ्या अंगातल्या हाडांची खबर मिळू शकते.

हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, दुखत नाही. ताप नाही, सूज नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही, आणि पुढची काही वर्षं हाड भरण्यापेक्षा झिजण्याचा वेग जास्त असतो. बाईला यातलं काही कळत नाही. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुबा मोडतो. घरचे म्हणतात, पडली म्हणून मोडला. खरं तर इतक्याशा पडण्यानं धडधाकट हाड मोडत नाही. जगभरात पन्नाशीपुढच्या दर तीन बायकांपैकी एकीचं हाड उरलेल्या आयुष्यात या कारणानं मोडतं, असा अंदाज आहे. मणक्याचं तर मोडलेलंही कळत नाही. उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि सगळे म्हणतात, वय झालं.

याची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची घनता मोजून ती तरुण, निरोगी बाईच्या सरासरीशी ताडून बघतात. त्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची 1994 सालची व्याख्या. अडचण अशी, की डेक्साची यंत्रं बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत आणि हाड मोडेपर्यंत तिकडे कुणी जातच नाही. दात मात्र दुखतो. दातासाठी बाई नाइलाजानं का होईना, येते. मला ही संधी फार मोलाची वाटते.

आता फिल्मकडे या. खालच्या जबड्याच्या तळाशी एक जाड पांढरी पट्टी दिसते. ते जबड्याचं बाहेरचं घट्ट हाड. उपदाढांच्या खाली एक लहानसं काळसर छिद्र असतं, त्यातून खालच्या ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते. त्या छिद्राच्या सरळ खाली पट्टीची जाडी मोजायची. ती 3 मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर हाडांची तपासणी करायला सांगावी, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. मोजताना एक भान ठेवावं लागतं. ओपीजीत चित्र मूळ आकारापेक्षा मोठं उमटतं. त्यामुळे घरी फिल्मवर फूटपट्टी ठेवून निष्कर्ष काढू नका, ते डॉक्टरांना करू द्या.

जाडीइतकीच महत्त्वाची आहे पट्टीची आतली कड. फिनलंडमध्ये क्लेमेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत कड दोन्ही बाजूंना सारखी आणि रेखीव. दुसरीत आतून अर्धचंद्रासारखे खळगे पडलेले, हाडाचे पदर सुटायला लागलेले. तिसरीत पट्टी वाळवी लागलेल्या चौकटीसारखी, बाहेरून उभी आणि आतून पोखरलेली. तिसरी पायरी एकदा नीट पाहिली की डोळ्यांतून जात नाही.

माझ्याकडे एक मावशी खालच्या कवळीसाठी आल्या होत्या. त्यांच्या फिल्मवर ही तिसरी पायरी होती. मी विचारलं, "मावशी, कधी हाड मोडलंय का?" म्हणाल्या, "नाही गं बाई, हाड कुठलं मोडतंय. मनगट तेवढं मुरगळलं होतं उंबऱ्याला अडखळून. प्लास्टर होतं महिनाभर." महिनाभर प्लास्टर म्हणजे मनगट मोडलेलंच होतं. पण प्लास्टर निघालं, हात चालायला लागला, आणि हाड एवढ्यातेवढ्यानं मोडलं कसं, हे कुणीच विचारलं नाही. मी चिठ्ठी देऊन त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कवळी नंतर झालीच.

युरोपात यावर एक मोठा अभ्यास झाला, ऑस्टिओडेंट नावाचा. मँचेस्टर, ल्यूव्हन, ॲमस्टरडॅम, अथेन्स आणि माल्मो अशा पाच ठिकाणी 45 ते 70 वयाच्या 671 बायकांचे दातांचे एक्स-रे आणि डेक्सा शेजारी ठेवून पाहिले. मँचेस्टरचे हॉर्नर आणि डेव्हलिन हे त्यातले प्रमुख. पट्टीची जाडी संगणकाकडून मोजून घेण्याचं कामही तिथे झालं. जपानमध्ये अकिरा तागुची यांनी अनेक वर्षं याच प्रश्नावर काम केलं आहे. ऑस्टिओडेंटमधली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. पट्टीच्या जाडीला बाईचं वय, वजन आणि आधीचं मोडलेलं हाड यांची जोड दिली, की अंदाज जास्त बरोबर येतो. म्हणजे फिल्म वाचायची आणि माणसालाही विचारायचं.

आता याच्या मर्यादा, कारण अर्धवट माहितीनं घाबरणं वाईट आणि निर्धास्त होणं त्याहून वाईट. ओपीजीवरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान होत नाही, फक्त संशय घेता येतो. पट्टी जाड दिसली म्हणजे हाडं ठणठणीत, असंही नाही. तीच फिल्म दोन डॉक्टर वेगळ्या पायरीत टाकू शकतात. आणि केवळ हाडं पाहायला म्हणून ओपीजी काढू नका. त्यातलं किरणोत्सर्गाचं प्रमाण फार थोडं असतं, पण कारणाशिवाय एक्स-रे काढू नये हा नियमच आहे. दातांसाठी काढलेल्या फिल्मकडे नीट पाहावं, माझं म्हणणं इतकंच आहे. दात हलतात म्हणजे हाडं ठिसूळ झाली, हा समजही सोडून द्या. आपल्याकडे दात हलण्यामागे बहुतेक वेळा हिरड्यांचा आजार असतो आणि त्यात तंबाखू-मशेरीचा मोठा वाटा असतो.

काही बायकांकडे मात्र साठीची वाट न पाहता लक्ष द्यायला हवं. ज्यांची पाळी लवकर गेली, ज्यांनी दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, ज्यांच्या आईचा खुबा मोडला होता, ज्या अंगानं फार बारीक आहेत. आणि ज्यांची गर्भपिशवी काढताना अंडाशयंही काढली, त्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांची 2019 साली राज्यभर चर्चा झाली, सरकारनं समितीही नेमली. चर्चा झाली ती शस्त्रक्रिया का केल्या याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ऐन तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईची हाडं पन्नाशीत कशी असतील, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. ती बाई दाढ दुखते म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात येईल, तेव्हा समोरच्या डॉक्टरनं फिल्मची खालची कड पाहावी, असं मला फार मनापासून वाटतं.

तुम्ही काय करायचं? पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी फिल्म सोबत न्या आणि सरळ विचारा, "डॉक्टर, जबड्याची खालची कड कशी दिसते?" पाळी कधी गेली, कुठलं हाड मोडलं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारताही सांगा. संशय आला तर फक्त कॅल्शियमच्या गोळ्या आणून थांबू नका. डेक्सा करून घ्या, ड जीवनसत्त्व तपासा.

ज्यांचे उपचार आधीच चालू आहेत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, यातलं काहीही घेत असाल तर दाढ काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना सांगा. क्वचित कधी दाढ काढलेली जागा भरून येत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडतं. ठिसूळ हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हे फार कमी घडतं, त्यामुळे त्या भीतीनं औषध बंद करू नका. विशेषतः डेनोसुमॅबचं इंजेक्शन मनानं लांबवलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. औषध सुरू करायचं ठरलं असेल आणि घाई नसेल, तर किडलेल्या दाढांचं काम आधी उरकून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे फोन नंबर द्या.

धन्यवाद.