वेंडोव्हरची तुंबलेली मोरी

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला एका तुंबलेल्या मोरीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. या मोरीचा संबंध थेट हिरोशिमाशी आहे.

अमेरिकेत यूटा आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर वेंडोव्हर नावाचं गाव आहे. मिठाच्या वाळवंटाला टेकलेलं. नजर जाईल तिथवर पांढरी सपाट जमीन, झाड दिसायचं नाही, आणि सॉल्ट लेक सिटी हे सर्वांत जवळचं मोठं शहर जवळपास दोनशे किलोमीटर दूर. बॉब होप हा त्यांचा नामांकित विनोदवीर सैनिकांची करमणूक करायला तिथं आला, तेव्हा त्यानं वेंडोव्हरचं नाव 'लेफ्टओव्हर' करून टाकलं. म्हणजे उरलंसुरलं. अशा ठिकाणी १९४४ च्या सप्टेंबरात पॉल टिबेट्स नावाचा एक लेफ्टनंट कर्नल दाखल झाला. वय वर्षं २९. युरोपात त्यानं नाव काढलं होतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अवजड बॉम्बफेकी विमानांनी फ्रान्समधल्या रुआं शहरावर पहिली दिवसाढवळ्याची मोहीम काढली, तेव्हा आघाडीचं विमान त्याचं होतं. पुढं मायदेशी परतून नव्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानांच्या चाचण्या त्यानं घेतल्या.

वेंडोव्हरला त्याच्या हाती पंधरा बी-२९ विमानं आली आणि सुमारे १,८०० माणसं. '५०९ वा कंपोझिट ग्रुप' हे त्या दलाचं नाव. काम काय आहे, हे त्या १,८०० जणांमध्ये सुरुवातीला एकट्या टिबेट्सला ठाऊक होतं. त्याला एक परवलीचा शब्द दिला होता, 'सिल्व्हरप्लेट'. हा शब्द उच्चारला की काहीही मिळायचं. इंजिनं, सुटे भाग, माणसं, आणि कुणीही 'कशाला' म्हणून विचारायचं नाही. तिखटमिठाच्या पुडीसाठीही तीन सह्या लागणाऱ्या आपल्यासारख्यांना हे स्वप्नवत वाटेल.

फक्त तो शब्द घरात चालत नव्हता.

घरी बायको होती, लूसी. लग्न १९३८ चं. दोन मुलगे, धाकटा तर तान्हाच. बाकीच्यांप्रमाणे टिबेट्सचं कुटुंबही तळावर राहायला आलं. आता तळ म्हटला की गणवेशातली माणसं दिसणार, त्याचं काही वाटत नाही. पण इथं गणवेश नसलेली, पांढरे कोट घातलेली माणसंही ये-जा करायची. हे सगळे लॉस अलामॉसच्या, म्हणजे जिथं अणुबॉम्ब बनत होता त्या प्रयोगशाळेशी संबंधित शास्त्रज्ञ. लूसीनं साहजिकच विचारलं, ही मंडळी कोण? नवऱ्यानं सांगितलं, सॅनिटरी इंजिनिअर. सांडपाण्याची कामं बघणारे.

लूसीनं ते खरं मानलं. आणि एके दिवशी तिच्या घरातला सांडपाण्याचा पाइप तुंबला. मग काय, घरोघरी मातीच्या चुली! समोरून जाणाऱ्या एका पांढऱ्या कोटवाल्याला तिनं हाक मारली, की बाबा रे, एवढं बघून दे. टिबेट्सनं पाहिलं तेव्हा अणुबॉम्बच्या कामावरचा एक शास्त्रज्ञ त्याच्या घरात पाइप मोकळा करत बसला होता.

हा किस्सा पुढं लोक हसत हसत सांगत राहिले. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप हसलो. मग दोन दिवसांनी मनात आलं, की ज्या दिवशी लूसीला खरं कळलं असेल, त्या दिवशी तिला हा पाइप आठवला असेल का? नवऱ्यानं आपल्याला न सांगणं एक वेळ ठीक. पण आपण भाबडेपणानं त्याच्या थापेवर विश्वास ठेवून एका शास्त्रज्ञाला मोरीत हात घालायला लावला आणि नवरा ते बघत उभा राहिला, हे आठवून बाईच्या मनात नेमकं काय आलं असेल?

गुप्ततेचा धाक तिथं सगळ्यांनाच होता. तळावर पाटी होती, की इथं जे ऐकाल, इथं जे बघाल, ते इथून जाताना इथंच ठेवून जा. नुसत्या पाटीवर भागत नव्हतं. सुट्टीवर निघालेल्या जवानांशी साध्या वेशातले हेर येऊन गप्पा मारायचे. काय राव, कुठं असता, काय उडवता? जो जरा सैल बोलला, तो पकडला गेला. अशांपैकी काहींची रवानगी अलास्काला झाली. तिथल्या बर्फात बोलायला कोण मिळणार?

या नवराबायकोवर पुढं हॉलिवूडनं सिनेमा काढला. १९५२ चा, एमजीएम कंपनीचा, 'अबव्ह अँड बियॉन्ड'. लूसीचं काम एलिनॉर पार्करनं केलंय. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधली ती रुबाबदार बॅरोनेस आठवते? तीच. टिबेट्स झालाय रॉबर्ट टेलर. हा नट युद्धाच्या काळात खरोखरच नौदलात वैमानिकांना शिकवत होता, त्यामुळं विमानात बसलेला खोटा वाटत नाही. आणखी एक गोष्ट. हा सिनेमा येण्याच्या आदल्याच वर्षी टेलरचा स्वतःचा घटस्फोट झाला होता, अभिनेत्री बार्बरा स्टॅनविकशी. सिनेमातल्या भांडणांच्या प्रसंगांत त्याचा चेहरा जसा थकलेला दिसतो, तो सगळाच अभिनय असेल असं मला वाटत नाही.

मला सिनेमात आवडलं ते हे, की गोष्ट लूसीच्या आवाजात सांगितली जाते. युद्धपटात बायका साधारणपणे खिडकीशी उभ्या राहतात, पत्र वाचतात आणि रडतात. इथं निवेदनच तिच्याकडं आहे. आणि एक प्रसंग तर असा आहे, की त्यासाठी बाकीचा थोडा पसरट सिनेमा मी माफ केला. मुलं झोपली आहेत. त्यांच्याकडं बघत लूसी म्हणते, की जगात कुठं कुठं बॉम्ब पडत असतील, अशीच लहान मुलं मरत असतील. आणि टिबेट्स तिच्या अंगावर ओरडतो. हे पुन्हा माझ्याजवळ बोलू नकोस! तिला कळतच नाही आपलं काय चुकलं. प्रेक्षकाला कळतं. एकाच खोलीत दोघं उभे आहेत, त्यातल्या एकाला माहीत आहे की तो कशाची तयारी करतोय, आणि दुसरीनं नकळत नेमक्या त्याच जागी बोट ठेवलंय.

श्रोतेहो, आपल्यातल्या कित्येक घरांना यातला काही भाग तरी ओळखीचा आहे. ज्यांच्या घरातून कुणी सैन्यात गेलं, त्यांना '५६ एपीओ' हे लष्करी टपाल कार्यालय वेगळं समजवायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, तिथून आयाबायांनी वर्षानुवर्षं आंतरदेशीय पत्रं पाठवली ती अशाच पत्त्यांवर. नाव, नंबर, पलटण आणि शेवटी द्वारा ५६ एपीओ. गाव नाही, जिल्हा नाही. पोरगं बर्फात आहे की वाळूत, हे पत्त्यावरून कळायचं नाही. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला गेलेले तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही लष्करी गणवेशात आणि खोट्या नावांनी वावरत होते. त्यांच्यात आपले अनिल काकोडकरही होते.

पण मला आठवतात त्या आमच्या शेजारच्या काकू. त्यांचे यजमान हवाई दलात, लोहगावला, कॅनबेरा विमानावर नॅव्हिगेटर. १९७१ च्या डिसेंबरात पुण्यात ब्लॅकआऊट असायचा, काचांना काळे कागद लावलेले. एका संध्याकाळी काका लहानशी बॅग घेऊन निघाले. काकूंनी विचारलं, कुठं? ते म्हणाले, "सांगता येत नाही." किती दिवस? "तेही नाही सांगता येत." बस. काकूंनी मग आपल्या पद्धतीनं शोध लावला. न्हाणीघरात जाऊन बघितलं, दाढीचं सामान नेलंय का. नेलं होतं, म्हणजे एका रात्रीचं काम नव्हे. मी मोठा झाल्यावर त्यांना विचारलं होतं, राग नाही आला? त्या म्हणाल्या, "राग कसला? ह्यांनी सांगितलं नाही, पण मला फसवलंही नाही. सांगता येत नाही म्हणाले, म्हणजे काहीतरी आहे एवढं तर मला कळलं ना!"

मला वाटतं, लूसीच्या संसारात नेमकं हेच हुकलं. 'सांगता येत नाही' या तीन शब्दांत बायकोला थोडी जागा मिळते. तिला काळजी करता येते, देवाला दिवा लावता येतो, दाढीचा डबा बघता येतो. 'सॅनिटरी इंजिनिअर' म्हटलं की ती जागाही जाते. टिबेट्सची बाजूही आहे, नाही असं नाही. 'सांगता येत नाही' एवढं कबूल करणंसुद्धा तिथं धोक्याचं होतं. त्याच्या वरिष्ठांनी त्याला आधीच बजावलं होतं, की जमलं तर हिरो होशील, फसलं तर तुरुंगात जाशील.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ६ ऑगस्ट १९४५. पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरून पहाटे पावणेतीनला विमान उडालं. विमानाला त्यानं आदल्या दिवशी आईचं नाव दिलं होतं, एनोला गे. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता, वैमानिक व्हायला पाठिंबा दिला तो आईनं, म्हणून हे नाव. ते विमान ज्याच्याकडं नेहमी असायचं त्या रॉबर्ट लुइस या वैमानिकाला न विचारता नाव रंगवलं, त्यावरून तो भडकलाही. सोबतच्या माणसांना टिबेट्सनं अणुबॉम्ब हा शब्द सांगितला तो विमान हवेत गेल्यावर. सकाळी सव्वाआठला सुमारे ३१,००० फुटांवरून बॉम्ब सुटला. ४३ सेकंद तो खाली येत होता. तेवढ्या वेळात टिबेट्सनं विमान १५५ अंशांत वळवून पळ काढला. खाली हिरोशिमात लोक कामाला निघाले होते. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली, असा त्या शहराचाच अंदाज आहे. त्यांच्या घरांत काय गुपितं होती, कोण कुणावर रुसून बाहेर पडलं होतं, यावर हॉलिवूडनं सिनेमा काढला नाही.

सोळा तासांनी अध्यक्ष ट्रुमन यांचं निवेदन जाहीर झालं आणि रेडिओवरून जगभर गेलं. त्यात एक वाक्य आहे, की या प्रकल्पाच्या भरात १,२५,००० लोक कामाला होते आणि आपण काय बनवतोय हे फार थोड्यांना माहीत होतं. विचार करा, किती घरांत त्या दिवशी रेडिओसमोर बायका नवऱ्यांकडं आणि नवरे बायकांकडं बघत बसले असतील. 'म्हणजे तुम्ही हे करत होता?'

सिनेमात शेवटी नवराबायको एकमेकांना भेटतात, गुपित उघडं झालंय, आता अडसर उरला नाही, संगीत वर जातं. त्या संगीताला ऑस्करचं नामांकनही होतं. बाहेर प्रत्यक्षात सिनेमानंतर तीनच वर्षांनी, १९५५ मध्ये, पॉल आणि लूसी यांचा घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी टिबेट्सनं फ्रेंच बाईशी दुसरं लग्न केलं. तो ९२ वर्षं जगला, २००७ मध्ये ओहायोत वारला. आपल्या कामगिरीबद्दल कधी पस्तावा दाखवला नाही, मला शांत झोप लागते असंच सांगत राहिला. थडगं मात्र बांधू नका म्हणाला, उगाच तिथं निदर्शनं करायला लोक जमतील. त्याची रक्षा इंग्लिश खाडीवर विखुरली.

परवा मी काकूंकडं गेलो होतो. आता नव्वदीला टेकल्यात, ऐकू कमी येतं, पण डोकं तल्लख. काका जाऊन बरीच वर्षं झाली. या भाषणाची तयारी चालली होती म्हणून त्यांना मोठ्या आवाजात लूसीची सगळी गोष्ट सांगितली. वेंडोव्हर, पांढरे कोट, पाइप, हिरोशिमा, घटस्फोट, सगळं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोपल्या. मग हळूच डोळे उघडून म्हणाल्या, "मोरी निघाली का पण तिची?"

आणि काठी घेऊन चहा टाकायला उठल्या.

नमस्कार.